डाग कशाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी क्ष-किरण विभागात नुकताच उमेदवारी करू लागलो होतो. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आपल्या मुलीबरोबर आले. खोकला हटत नव्हता म्हणून गावाकडे त्यांच्या छातीचा एक्स-रे काढला होता. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात सुपारीएवढा पांढरा डाग दिसत होता. वय साठीच्या पुढचे, तीस वर्षांची विडी आणि फुफ्फुसात गाठ, असा हिशेब मांडला की उत्तर एकच येते. सोबतच्या कागदावर 'कर्करोगाची शक्यता' असे लिहूनही झाले होते. गुरुजी गप्प होते आणि मुलीचे डोळे रडून सुजले होते.

आमच्या ज्येष्ठ डॉक्टरांनी ती फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि बराच वेळ पाहिली. मग एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, याआधी कधी छातीचा फोटो काढला होता का?" गुरुजींना आठवेना. मुलीला आठवले. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्यांना न्यूमोनिया झाला होता, तेव्हा काढला होता. आईने तो ट्रंकेत साड्यांच्या खाली जपून ठेवला होता. दोन दिवसांनी ती खाकी पाकीट घेऊन आली. दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. डाग त्याच जागी होता आणि तेवढाच होता. नऊ वर्षे तसूभरही न वाढणारा असा कर्करोग सहसा नसतो. कधीकाळी होऊन, गुरुजींच्या नकळत बरा झालेल्या क्षयाचा तो वण होता.

त्याच वर्षी याच्या नेमके उलटेही पाहिले. चाळिशीतला एक गृहस्थ. छातीत डाग आणि बारीक ताप. आपल्याकडे असे दिसले की पहिला संशय टीबीचाच. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते, तरी कित्येक महिने टीबीची औषधे चालू होती. आमच्याकडे आले तोवर गाठ छातीच्या बाहेर पसरली होती. तो कर्करोग होता, आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती.

या दोघांच्या ताज्या फिल्म नावे झाकून समोर ठेवल्या असत्या, तर कोणती कोणाची हे छातीठोकपणे सांगणे माझ्या गुरूंनाही जमले नसते. शरीराच्या आतले चित्र पाहून जंतुसंसर्ग आणि कर्करोग वेगळे ओळखता यावेत म्हणून सव्वाशे वर्षे डॉक्टर धडपडत आहेत. त्या धडपडीची गोष्ट आज सांगायची आहे.

सुरुवात 8 नोव्हेंबर 1895 रोजी झाली. जर्मनीतल्या वुर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना अंधाऱ्या खोलीत काम करताना एका अज्ञात किरणांचा शोध लागला. अज्ञात म्हणून त्यांनी त्याला 'एक्स' म्हटले. वर्ष संपण्याआधी त्यांनी पत्नीच्या हाताची हाडे आणि बोटातली अंगठी छायाचित्रात उमटवून दाखवली होती. त्याआधी तेरा वर्षे, 24 मार्च 1882 रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला होता. शत्रू ओळखीचा झाला होता आणि आता त्याचे घरही दिसू लागले. अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. फ्रान्सिस विल्यम्स यांनी लगोलग क्षयाच्या रोग्यांची छाती या किरणांनी तपासायला सुरुवात केली. कानाला नळी लावून जे ऐकू येत नव्हते ते डोळ्यांना दिसू लागले.

पण इथेच एक मेख होती. एक्स-रेला रोग दिसत नाही. त्याला फक्त अडथळा दिसतो. फुफ्फुसात हवा असते, तिच्यातून किरण आरपार जातात आणि फिल्म काळी पडते. हवेच्या जागी दुसरे काही भरले की ती जागा पांढरी दिसते. मग तिथे पू असो, पाणी असो, रक्त असो, क्षयाची गाठ असो की कर्करोगाची. पडद्यामागे उभ्या माणसाची सावली दिसावी आणि चेहरा दिसू नये, तसा हा प्रकार. माणूस उभा आहे एवढे नक्की. कोण आहे ते ठाऊक नाही.

सुरुवातीला याचा फारसा त्रास झाला नाही, कारण त्या काळी फुफ्फुसाचा कर्करोग हा दुर्मीळ आजार होता. छातीत डाग म्हणजे क्षय, हे समीकरण बहुतेक वेळा खरे ठरे. फुफ्फुसाचे शिखर, म्हणजे गळपट्टीच्या हाडामागचा भाग, तर क्षयाची हक्काची जागा मानली जाई. 1924 मध्ये आणि पुन्हा 1932 मध्ये फिलाडेल्फियाचे क्ष-किरणतज्ज्ञ हेन्री पॅनकोस्ट यांनी दाखवून दिले, की नेमक्या त्याच शिखरावर कर्करोगही दडून बसतो. तो खोकल्याआधी खांदा आणि हात दुखवतो, हाताचे स्नायू सुकवतो. आजही या गाठीला त्यांचेच नाव आहे. जागेवरून रोग ठरवायचा आडाखा असा पहिल्यांदा डळमळला.

पुढची घटना अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातली आहे. डॉ. जेम्स गिलमोर हे अठ्ठेचाळीस वर्षांचे प्रसूतितज्ज्ञ. 1932 मध्ये त्यांना ताप आणि खोकला आला, एक्स-रेमध्ये डाग दिसला. काही दिवसांनी बरे वाटले. मग पुन्हा ताप. सगळी लक्षणे जंतुसंसर्गाची होती, आणि जंतुसंसर्ग खोटाही नव्हता. पण श्वासनलिकेत दुर्बीण घालून तुकडा काढला तेव्हा कर्करोग निघाला. गाठीने नळी तुंबवली होती आणि तुंबलेल्या भागात जंतू वाढत होते. नाल्यात दगड अडकला की मागे घाण साचते, तसे. आपण घाण पाहतो आणि दगड विसरतो. 5 एप्रिल 1933 रोजी डॉ. इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी गिलमोर यांचे डावे फुफ्फुस पूर्ण काढून टाकले. कर्करोगासाठी अख्खे फुफ्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढून रोगी वाचल्याचे हे पहिले उदाहरण. शस्त्रक्रियेआधी गिलमोर यांनी स्वतःसाठी दफनभूमीत जागा घेऊन ठेवली होती, असे सांगतात. तिची गरज पुढची तीस वर्षे पडली नाही. ग्रॅहम यांनी मात्र 1950 मध्ये अर्न्स्ट विंडर यांच्याबरोबर सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला आणि 1957 मध्ये ते स्वतःच फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्यांनीही अनेक वर्षे सिगारेट ओढली होती.

गिलमोर यांच्या आजाराने शिकवले ते हे, की संसर्ग आणि कर्करोग एकाच छातीत, एकाच जागी, एकाच वेळी असू शकतात. औषधाने ताप उतरला म्हणजे डागाचा उलगडा झाला असे नव्हे. ताप उतरल्यावर पुन्हा फोटो काढा, हे डॉक्टर सांगतात ते उगाच नाही.

1936 मध्ये ब्राझीलच्या मानुएल द आब्रेऊ यांनी छोट्या फिल्मवर झटपट छातीचे फोटो काढण्याची युक्ती शोधली. शाळा, कारखाने, लष्कर, सगळीकडे गाड्या फिरू लागल्या. शोधायला निघाले क्षय आणि हाती लागू लागले असंख्य लहान गोल डाग, तेही धडधाकट माणसांच्या छातीत. नाण्यासारख्या दिसणाऱ्या या डागांचे करायचे काय? प्रत्येकाची छाती उघडायची?

तोडगा निघाला तो नव्या यंत्रातून नव्हे, तर कालगणनेतून. कर्करोगाच्या गाठीचे आकारमान दुप्पट व्हायला सर्वसाधारणपणे एक महिना ते वर्ष-सव्वा वर्ष लागते. न्यूमोनिया काही दिवसांत वाढतो आणि काही आठवड्यांत विरतो. जुना वण वाढतच नाही. म्हणजे डागापेक्षा डागाची चाल अधिक बोलते. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या अभ्यासानंतर असा दंडक रूढ झाला, की दोन वर्षांत जो डाग वाढला नाही तो बहुधा निरुपद्रवी. यातही गंमत अशी, की गोळ्याचे आकारमान दुप्पट होते तेव्हा त्याची रुंदी जेमतेम एक चतुर्थांशाने वाढते. दहा मिलिमीटरचा डाग साडेबारा मिलिमीटरचा झाला, तर नुसत्या नजरेला तो तेवढाच वाटतो; पण आत पेशी दुप्पट झालेल्या असतात. म्हणून जुनी फिल्म हातात हवी आणि मोजपट्टीही हवी. काही कर्करोग फार संथ वाढतात हे पुढे कळले, त्यामुळे काही प्रकारच्या डागांवर आता आणखी जास्त वर्षे लक्ष ठेवतात. पण तत्त्व तेच. माझ्या गुरूंनी गुरुजींना विचारलेला प्रश्न याच परंपरेतला होता.

डाग ओळखण्याच्या दुसऱ्या खुणाही हळूहळू जमत गेल्या. क्षयाच्या जुन्या गाठीत कॅल्शिअम साचतो, अगदी भिंतीतल्या चुन्यासारखा. तो गाठीच्या मध्यभागी किंवा थराथराने असेल तर दिलासा. कडेला कुठेतरी एकच कण असेल तर नाही. कर्करोगाच्या गाठीच्या कडांना बऱ्याचदा सूर्याच्या चित्रातल्यासारखे किरण फुटलेले दिसतात. पण या खुणा एक्स-रेवर अंधूक दिसत.

1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये सीटी स्कॅनवर पहिल्या रोग्याची तपासणी झाली. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी हे यंत्र बांधले ते ईएमआय कंपनीत. म्हणजे ज्या कंपनीच्या तबकड्यांवर आपण गाणी ऐकली त्याच कंपनीत. सीटीने शरीराचे पावाच्या कापांसारखे काप दाखवले आणि प्रत्येक ठिपक्याला आकडा दिला. हवा उणे हजार, पाणी शून्य, हाड शेकड्यांत. कॅल्शिअम आहे की नाही हा वादाचा विषय न राहता मोजण्याचा झाला. 1979 मध्ये हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल मिळाले. वाटले, आता सावलीला चेहरा मिळाला.

तेव्हा आपल्या देशात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. सीटी स्कॅन भारतात रुळले, तसे आकडी येणाऱ्या रोग्यांच्या मेंदूत एक लहानसे चमकदार कडे वरचेवर दिसू लागले. हे काय असावे? ट्यूमर असू शकतो. पण आपला देश क्षयाचा. त्यामुळे बहुतेकांनी ती टीबीची गाठ धरली आणि रोग्यांना टीबीची औषधे महिनोन् महिने दिली. काही महिन्यांनी स्कॅन केला की कडे नाहीसे झालेले असे. म्हणजे निदान बरोबर, औषध लागू पडले! पुढे ध्यानात आले, की टीबीचे औषध न घेता फक्त आकडीच्या गोळ्या घेणाऱ्यांचीही कडी नाहीशी होत आहेत.

तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काही गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. बहुतेक गाठींत ना ट्यूमर होता, ना टीबी. तिथे पट्टकृमीची, म्हणजे टेपवर्मची, मरत चाललेली अळी होती. 1989 आणि 1991 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. मग त्यांनी कसोट्याही ठरवल्या: कडे वीस मिलिमीटरपेक्षा लहान असावे, मेंदू एका बाजूला ढकललेला नसावा, रोग्याची प्रकृती ढासळत नसावी. अशा रोग्याला टीबीची औषधेही नकोत आणि कवटी उघडायलाही नको. आकडीची गोळी द्या आणि काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करा. यामुळे कित्येक रोग्यांची नको ती औषधे आणि नको ती शस्त्रक्रिया टळली. औषधानंतर डाग गेला म्हणून औषधानेच गेला असे मानू नये, हा धडा त्यांनी दिला. जगातल्या मोठमोठ्या यंत्रशाळांत नव्हे, तर आपल्याच देशातल्या रुग्णालयात तो मिळाला, याचा मला अभिमान वाटतो.

तरीही शास्त्रज्ञांचे स्वप्न कायम होते. कर्करोगाच्याच गाठीत जाऊन बसेल आणि बाहेरून दिसेल, असा एखादा पदार्थ सापडला तर? 1969 मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज येथे किरणोत्सारी गॅलियम असाच गाठीत जमताना दिसला आणि मोठी आशा निर्माण झाली. दोन-तीन वर्षांतच कळले, की तो पू असलेल्या जागीही तितकाच जमतो. कर्करोगासाठी शोधलेला हा पदार्थ पुढे जंतुसंसर्ग शोधायला वापरला जाऊ लागला!

मग आली साखर. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी 1920 च्या दशकात दाखवले होते, की कर्करोगाच्या पेशी साखरेचा फडशा पाडतात. या धाग्याला पुढे पॉझिट्रॉन स्कॅनची, म्हणजे पेट स्कॅनची, जोड मिळाली. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तयार झाली. 1976 च्या ऑगस्टमध्ये ती विमानाने फिलाडेल्फियाला नेऊन पहिल्यांदा माणसाला टोचण्यात आली. विमानाची घाई होती, कारण दर 110 मिनिटांनी तिची किरणशक्ती निम्मी होते. पुढे कर्करोगाच्या तपासणीत तिने क्रांती केली. गाठ साखर खाते आणि पडद्यावर दिव्यासारखी पेटते.

पण साखर खाणारे आणखीही कोणी असते. जंतूंशी झुंजणाऱ्या आपल्याच भक्षक पेशी. लढणाऱ्या सैन्याला शिधा लागतोच. 1992 मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवले, की गाठीच्या भोवती जमलेल्या या पेशी कधीकधी प्रत्यक्ष कर्करोगाच्या पेशींपेक्षाही जास्त साखर शोषतात. म्हणजे जिता क्षयही पेटतो आणि कर्करोगही पेटतो. मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 मध्ये वैद्यकीय सायक्लोट्रॉन आला आणि पेट स्कॅन आपल्याकडे सुरू झाला. पाश्चात्त्य पुस्तकांतले 'इतके पेटले म्हणजे कर्करोग' हे आकडे क्षयाच्या देशात जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे इथल्या डॉक्टरांना लवकरच उमगले.

याचा अर्थ यंत्रे निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. मेंदूतल्या गळूचे उदाहरण घ्या. घट्ट पुवात पाण्याचे कण मोकळे फिरू शकत नाहीत. एमआरआयची एक पद्धत नेमके हे फिरणे मोजते, आणि 1990 च्या दशकापासून तिच्यामुळे गळू आणि ट्यूमर यांतला फरक बऱ्याच वेळा सुईविना कळू लागला. 2011 मध्ये अमेरिकेतल्या सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या त्रेपन्न हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीचा निष्कर्ष आला. कमी किरणांच्या सीटी तपासणीमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू वीस टक्क्यांनी घटले. हा फार मोठा लाभ आहे. मात्र त्याच पाहणीत ज्या तपासण्या संशयास्पद ठरल्या, त्यांपैकी शंभरातल्या शहाण्णव अखेर कर्करोगाच्या निघाल्या नाहीत. आता संगणकही एक्स-रे वाचतो. क्षयाच्या चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये त्याला मान्यता दिली. पण तोही त्याच सावलीकडे पाहतो. संशय कुठे घ्यायचा हे सांगतो, निकाल देत नाही.

निकाल देतो तो तुकडा. सुईने काढलेला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला. बायॉप्सीने कर्करोग पसरतो, ही भीती अजून घराघरांत आहे. फुफ्फुसाच्या बायॉप्सीत असे होणे फारच विरळा. तिच्यावाचून अंदाजाने उपचार करण्यातला धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. मात्र एक काळजी घ्यायला हवी. पेशी पाहण्यासाठी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, आणि फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. मग त्यातून टीबीचा जंतू वाढवणार कसा? म्हणून त्याच वेळी दुसरा तुकडा फॉर्मॅलिनशिवाय जंतुतपासणीला जायला हवा. "डॉक्टर, दोन्हीकडे पाठवताय ना?" असे विचारण्यात काही गैर नाही. टीबीची औषधे सुरू करताना, "थुंकी तपासली का? जंतू सापडला का?" हे विचारण्यातही गैर नाही. आणि औषधे चालू असून डाग वाढतच असेल, तर पुढच्या तपासणीसाठी सहा महिने थांबू नये.

शेवटची विनंती अगदी घरगुती आहे. जुने एक्स-रे आणि स्कॅन रद्दीत टाकू नका. आता फिल्मऐवजी सीडी मिळते किंवा फोनवर चित्र येते. तेही नाव आणि तारीख घालून नीट ठेवा, आणि डॉक्टरांकडे जाताना ताज्या रिपोर्टबरोबर सगळ्यात जुनाही न्या.

आमच्या गुरुजींच्या मुलीने जाताना ते खाकी पाकीट परत मागून घेतले. नवी फिल्मही तिने त्यातच सरकवली. म्हणाली, "आईनं सांगितलंय, दोन्ही परत आण. पुन्हा ट्रंकेत ठेवायचेत."